मुखरू कोतवालाचा बिल्ला

बोरटोल्यात मुखरू दोन होते. माणूस एकच, पण होते दोन. खांद्यावरून तिरपा चामड्याचा पट्टा आणि छातीवर पितळेचा बिल्ला असला की तो सरकारचा कोतवाल. बिल्ला खुंटीला टांगला की तो ख्रिस्ती मंडळीतला मुखरू, चर्चची घंटा वाजवणारा, म्हाताऱ्या गिरजाबाईचा मुलगा आणि रुखमाचा नवरा. त्याची बायको रुखमा त्याला रोज विचारायची, "आता कोण बोलून राह्यलं जी? बिल्ला का नवरा?" बिल्ला म्हणाला तर ती ऐकून घ्यायची. नवरा म्हणाला तर चुलीत लाकूड सारत म्हणायची, "मंग थांबा उलसक."

मी त्या गावात नर्स होते. गाव कुरखेड्याच्या पलीकडे, जंगलात शिरलेलं. मी मूळची चंद्रपूरची, आमचं घर बौद्धांचं. माझ्या तोंडाला लगाम नाही असं माझी आई म्हणायची, आणि आई कधी खोटं बोलली नाही. गोष्ट ऐंशी सालानंतरची आहे, चौऱ्याऐंशी असेल किंवा पंच्याऐंशी. तेव्हा माझा राग आतापेक्षा ताजा होता.

तर चर्च. चर्च म्हणजे काय, एक लांबट कौलारू खोली आणि समोर सागाच्या दोन खांबांवर टांगलेली घंटा. मिशनवाले ती ठेवून गेले आणि जाताना दोरी दिली मुखरूच्या बापाच्या हातात. त्याचं नाव दसरू. ज्या दसरूला गावात कोणी ओट्यावर टेकू देत नव्हतं, त्याच्या घंटेवर सगळं गाव ऐतवार ओळखायला लागलं. ही कथा गिरजाबाई मला दर सुईच्या वेळी सांगायची. सुई टोचली तरी थांबायची नाही. बाप गेल्यावर दोरी मुखरूकडे आली. त्या घरात दुसरी काही इस्टेट नव्हती. शेत एका बांधीएवढं, म्हणजे धानाचा एक तुकडा, घर गळकं, पण घंटा आमची. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण त्या दोरीचं आहे.

पावसाळा सरत आला होता, हलका धान लोंबीवर होता, आणि हैजा, म्हणजे कॉलरा, आला. शेजारच्या गावात धडधाकट माणसं आडवी झाली, दोघं गेली. तहसीलातून हुकूम आला: बाजार बंद, पंगत बंद, भजन-प्रार्थना-वंदना सगळं आपापल्या घरी, बाहेरचं माणूस गावात घ्यायचं नाही. मी म्हटलं, मुखरूभाऊ, आत्ताच्या आत्ता दवंडी द्या.

मुखरूनं बिल्ला चढवला, डफडं गळ्यात अडकवलं आणि चावडीपुढे उभं राहून आवाज लावला. काय आवाज होता बाप्पा त्याचा! झाडावरचे बगळे उठायचे.

"ऐका हो ऐकाऽऽ! हैज्याची साथ हाये होऽऽ! कोणी कुठी जमू नका होऽऽ! देवळात, विहारात, चर्चात गर्दी करू नका होऽऽ! तहसीलदार साहेबाच्या हुकमावरूनऽऽ!"

आणि सगळं गाव जमलं. दवंडी झाली की चावडीपुढे जायचं, ही तिथली बापजाद्यांची रीत. म्हातारे आले, बाया कडेवर पोरं घेऊन आल्या, एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून उभ्या राहिल्या. मागून कोणी ओरडलं, "मागच्यांले ऐकू नाई आलं जी, अजून एकडाव सांगा!" मुखरूनं अजून एकदा सांगितलं. मग उरलेलेही आले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, जमू नका म्हणतो तो!" मी किंचाळले. "तेच ऐकाले आलो ना बाई," एक बाई शांतपणे म्हणाली. मुखरू घाम पुसत माझ्याकडे आला. "बाई, आता यायले हाकलाले पुन्हा दवंडी द्या लागन. आन दवंडी दिली का अजून जमतीन."

मी कपाळावर हात मारला. मग मीच त्याला सांगितलं, एका जागी उभे राहू नका, गल्लीगल्लीनं चालत जा आणि दारात येईल त्याला दारातच थांबवा. ते जमलं. चालत्या दवंडीमागे कोण धावणार? गोंड टोल्यावर, म्हणजे गावाच्या गोंड वस्तीत, बुधरी नावाची म्हातारी दारात सूप घेऊन बसली होती. ती दवंडी ऐकून हसली. म्हणाली, "हे तं आमचंच हाये. रोग आला का आमी गाव बांधतो, बाहेरचा आत नाई, आतला बाहेर नाई. तुह्या तहसीलदारानं आमच्यापासून शिकलं का रे?" मुखरू म्हणाला, "विचारून सांगतो, माय."

इथपर्यंत ठीक होतं. मग मुखरूला आठवलं की ऐतवारी प्रभुभोजन आहे.

प्रभुभोजन म्हणजे यांचा मोठा विधी. पाळकसाहेब लांबून सायकलवर यायचे, तेही कित्येक महिन्यांनी एकदा. मग भाकरीचा एकेक तुकडा आणि एका प्याल्यातून द्राक्षरसाचा एकेक घोट. प्याला एकच. पहिला घोट मंडळीच्या पंचाचा, मग बाकीच्यांचा, हातातून हातात, ओठातून ओठात. मला हे रुखमानं मोठ्या कौतुकानं सांगितलं. हैजा चालू असताना एक प्याला आणि अख्खी मंडळी! मी म्हटलं, मेले सगळे.

मंडळीचे पंच होते देवाजीभाऊ. रुखमाचे थोरले भाऊ, म्हणजे मुखरूचे साळे. काळा कोट घालायचे, तोही भर उन्हात. शास्त्र तोंडपाठ आणि आवाज असा की कुणाशी साधं बोलले तरी उपदेश वाटावा. त्यांनी चर्चच्या पायरीवर मुखरूला गाठलं. मी तिथं विहिरीत टाकायची पावडर घेऊन उभीच होते.

"जवाई, ऐतवारी घंटा वाजली पायजे."

"देवाजीभाऊ, बंदी हाये ना जी."

"बंदी कोणाची? तहसीलदाराची. तहसीलदार आज हाये, उद्या त्याची बदली. देवाची बदली होत नाई! आमच्या पहिल्या लोकायनं जीव देल्ला, पण मानसाच्या हुकमानं भक्ती सोडली नाई."

मुखरूनं बिल्ल्यावर हात ठेवला. "पण शास्त्रातच हाये ना, अंमलदाराचं ऐका म्हणून? त्याले बी देवानंच बसवला म्हणते."

"ते कर भराच्या गोष्टीत! चर्चाले कुलूप लावाच्या गोष्टीत नाई!"

"मंग देवानं हैज्यात काय कराचं ते येगळं सांगतलं का?"

देवाजीभाऊ माझ्यावर घसरले. "नर्सबाई, तुमाले काय समजते? तुमी बौद्ध."

"मला एवढंच समजतं," मी म्हटलं, "की वर कोण बसलंय आणि त्यानं कुणाला बसवलं, हे भांडण तुम्ही साथ गेल्यावर निवांत करा. माझं भांडण खाली पाण्यात बसलंय त्याच्याशी आहे. सरका बाजूला."

देवाजीभाऊ सरकले, पण जाता जाता बोलले ते मुखरूच्या काळजात रुतलं. "ऐतवारी घंटा वाजली नाई, तं दोरी मी घेईन. सरकारची चाकरी कर खुशाल. मंडळीची घंटा मंडळीच्या मानसाकडे राहीन."

मुखरूचा चेहरा उतरला. घरी जाऊन बिल्ला काढला आणि खुंटीला न टांगता मांडीवर घेऊन बसला. गिरजाबाईला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण घरातली प्रत्येक गोष्ट कळायची. ती म्हणाली, "मुखरू, तुह्या बापाची दोरी हाये ते." एवढंच. वाजव म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. मला मुखरूची कीव आली. मी कीव करणारी बाई नाही, पण आली. दोरी सोडावी तर बाप जातो, ओढावी तर मंडळी चर्चात येते आणि त्या प्याल्याला तोंड लावते.

मी त्याला एक वाट सुचवली, पाळकालाच गावात येऊ देऊ नका. तो म्हणाला, "ते तं करावंच लागते बाई. हुकूमच हाये." आणि शनिवारी दुपारी कोतवाल मुखरू नाल्यावर पहाऱ्याला उभा राहिला, आपल्याच पाळकाला अडवायला.

पाळकसाहेबांचं नाव श्रीहरी. येशूचा माणूस आणि नाव श्रीहरी! मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "आईनं दिलेलं आहे बाई, परत कसं करणार?" असा गरीब गाय माणूस. ते सायकल ढकलत नाल्याच्या पलीकडे आले. अलीकडे मुखरू, बिल्ला लावून, डोळे खाली. मधे गढूळ पाणी. मी मुखरूच्या मागे उभी, तो विरघळलाच तर धरायला.

"साहेब, पुढं येऊ नका जी!" मुखरू ओरडला. "हुकूम हाये!"

"कुणाचा?" पलीकडून आवाज आला.

"तहसीलदार साहेबाचा! आन नर्सबाईचा!"

पाळकसाहेब मोहाच्या झाडाखाली बसले, घाम पुसला. मग मोठ्यानं म्हणाले, "मुखरू, बरं केलंस! वाटभर हाच विचार करत होतो. प्याला मीच पुसतो ना, एकाच फडक्यानं! शेजाऱ्यावर प्रेम कर म्हणून मी दरवेळी सांगतो. यावेळी शेजाऱ्यापासून लांब राहणं हेच प्रेम आहे, असं मला वाटतं!"

"हे देवाजीभाऊले सांगा ना जी!"

"त्यांना इथून ऐकू येईल का?"

"नाई!"

"मग तूच काहीतरी कर! घंटा तुझ्याकडे आहे!" आणि सायकल वळवून पाळकसाहेब निघून गेले. पाळक असे सुटतात, बरं का. अडकतो कोतवाल.

ऐतवारी सकाळी मी उपकेंद्रात गोळ्या मोजत होते आणि घंटा वाजली.

माझं डोकंच फिरलं. चप्पल पायात की हातात, याचं भान राहिलं नाही. पाळक आला नसला तरी ही माणसं खोलीत कोंडून बसणार, एका घागरीचं पाणी पिणार, हातात हात घालणार. मी मुखरूला काय काय म्हणायचं ते मनात जुळवतच धावत गेले. मुखरू दोरी ओढत होता. अंगावर बिल्ला नव्हता. ऐतवारचा पांढरा सदरा होता आणि डोळ्यांतून पाणी. घंटा अशी वाजत होती की कोणालाही वाटावं, हा शेवटचा ऐतवार. ख्रिस्ती घरांतून माणसं बाहेर पडत होती. सगळ्यात पुढे काळ्या कोटात देवाजीभाऊ, जिंकल्यासारखे चालत.

मुखरूनं दोरी सोडली. चर्चच्या दाराला त्यानं चावडीचं कुलूप आधीच घातलेलं होतं, ते मला तेव्हा दिसलं. त्यानं खांबावरचा बिल्ला काढून अंगावर चढवला, डफडं गळ्यात घातलं आणि मंडळीच्या गल्लीत शिरला.

"ऐका हो ऐकाऽऽ! जो दारात हाये त्यानं दारातच थांबाऽऽ! जो रस्त्यावर हाये त्यानं मांगं फिराऽऽ! आज चर्च तुमच्या दारात येऊन राह्यलं होऽऽ!"

लोक थबकले. चालत्या दवंडीला दारात थांबायचं, हे त्यांना आता ठाऊक झालं होतं. ते मागे सरले आणि आपापल्या उंबऱ्यात उभे राहिले. मुखरू डफड्यावर एक थाप मारायचा आणि प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेची एक ओळ दवंडीच्या सुरात सोडायचा.

"आमच्या स्वर्गातल्या बापाऽऽ!" दारादारातून म्हातारी, तरणी सगळी म्हणू लागली. "तुयं नाव पवित्र होवोऽऽ!" थाप. "आजची भाकर आज दे होऽऽ!" थाप. शेजारच्या ओळीतले आमचे बौद्ध बाहेर येऊन बघू लागले. कुणबी वाड्यातल्या बाया कुडावरून डोकावल्या. मी चप्पल हातात धरून उभी. रागवायचं होतं ते राहूनच गेलं. मुखरू चालत होता, थांबत नव्हता, कोणी कोणाजवळ येत नव्हतं आणि सगळे एका आवाजात बोलत होते. मला भरून आलं, लाज कशाची?

प्रार्थना संपत आली. मुखरूनं गिरजाबाईच्या खाटेपुढे येऊन छाती भरून शेवटची ओळ लावली.

"राज्य तुयं, ताकद तुयी, महिमा बी तुयाच होऽऽ! तहसीलदार साहेबाच्या हुकमावरूनऽऽ!"

बोलून गेल्यावर त्याला कळलं. डफड्यावरचा हात तसाच हवेत राहिला. इतक्या वर्षांची सवय, दवंडी संपली की ते शब्द आपोआप यायचे. मग रुखमा फिस्सकन हसली. मग गिरजाबाई बोळक्या तोंडानं हसली, आणि सगळी गल्ली पोट धरून हसली. हैजा आल्यापासून त्या गल्लीत कोणी हसलं नव्हतं.

हसले नाहीत ते देवाजीभाऊ. ते मागे फिरलेच नव्हते. तरातरा चालत चर्चशी गेले, कुलूप बघितलं आणि पायरीवर बसले, कोटाची बटणं लावून. एकट्या माणसाला बसायला बंदी नव्हती. मुखरूनं मला विचारलं, "उठवू का बाई?" मी म्हटलं, "एकटेच आहेत, बसू द्या. बसून बसून कंटाळतील." तो लांब खांबापाशी उभा राहून लक्ष ठेवत होता. दोरी कोणी नेते की काय, याचीही धास्ती होतीच.

ऊन वर आलं आणि देवाजीभाऊ त्या पायरीवरच ओकले. एकदा, दोनदा, मग कोटासकट आडवे झाले.

मुखरूनं मला हाक मारली ती दवंडीच्या आवाजात, सगळ्या गावानं ऐकली. आम्ही त्यांना उचलून उपकेंद्रात आणलं. रात्र उलटायच्या आत माणूस पिळून काढतो हा रोग. गाल बसले, डोळे आत गेले, पायात वांब, पेटके. मी मीठ-साखरेचं पाणी करत होते आणि मुखरू चमच्या-चमच्यानं पाजत होता, ओकलं की पुसायचा, हात धुवायचा, परत पाजायचा. सलाईनसाठी मी माणूस कुरखेड्याला धाडला होता, तोवर हा चमचाच. आणि मला सारखं एकच दिसत होतं. आज पाळक आला असता, तर हा रोग अंगात घेऊन देवाजीभाऊंनी पहिला घोट घेतला असता. मग प्याला पुढे गेला असता. गिरजाबाईकडे. रुखमाकडे. सगळ्यांकडे.

संध्याकाळी देवाजीभाऊंनी डोळे उघडले. त्यांना समोर बिल्ला दिसला, चमचा दिसला. ओठ सुकलेले, आवाज तर पारच गेलेला. तरी म्हणाले, "आता कोण पाजून राह्यला? बिल्ला का जवाई?"

"दोघंई," मुखरू म्हणाला. "प्या मुकाट."

देवाजीभाऊ वाचले. अजून काही आडवे झाले, तेही उठले. बोरटोल्यात त्या साथीत कोणी गेलं नाही. हे माझं मोठेपण नाही, माणसं घरात राहिली म्हणून. त्यानंतर साथ सरेपर्यंत दर ऐतवारी घंटा वाजली आणि दर ऐतवारी चर्च गल्लीत फिरलं. गोंड टोल्यावरून बुधरी निरोप धाडायची, आमच्याकडं बी येऊन जा रे, आवाज चांगला हाये. आणि शेवटची ओळ? ती एकदा चुकली ती चुकलीच. मुखरूनं जीभ चावून पाहिली, पण तो थांबला की गल्लीच पूर्ण करायची, "तहसीलदार साहेबाच्या हुकमावरूनऽऽ!"

बंदी उठली त्या ऐतवारी पाळकसाहेब आले. मीही गेले, प्याल्यासाठी. मी सांगितलं होतं, प्याला उकळल्याशिवाय एकाच्या ओठाला लागू देणार नाही. रुखमानं तो माझ्या डोळ्यादेखत चहाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळला आणि म्हणाली, "आता देव बी पवित्र, आन नर्सबाई बी खूश." मी दारात उभी राहिले. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली, सगळ्यांनी डोळे मिटले, आणि "महिमा तुयाच" म्हणून झाल्याबरोबर अख्ख्या मंडळीनं एका सुरात कौलं हलवली, "तहसीलदार साहेबाच्या हुकमावरूनऽऽ!" पाळकसाहेबांचे डोळे उघडले ते मिटेनात. पुढच्या रांगेतून गिरजाबाई म्हणाली, "आमेन म्हणा ना साहेब, हुकूम झाला."

मग प्याला आला. पहिला मान पंचाचा. देवाजीभाऊ उठले, कोट आता अंगावर पोत्यासारखा लोंबत होता. प्याला हातात घेतला आणि न पिता वळले. दोरी ओढून आलेला मुखरू मागे भिंतीला टेकून उभा होता, त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. "पह्यले तू."

मुखरू गोंधळला. रुखमानं त्याला कोपरानं ढोसलं, "अवो, बिल्ला!" सकाळी बंदी उठल्याची दवंडी देऊन तो तसाच घंटेकडे धावला होता. खुंटीला टांगायचा विसरला होता. इतक्या वर्षांत बिल्ला घालून तो चर्चात कधी आला नव्हता. त्याचे कान लाल झाले. घाईघाईनं पट्ट्याचं बक्कल सोडू लागला, तर ते निघेना.

देवाजीभाऊंनी त्याचा हात धरला.

"राहू दे, जवाई," ते म्हणाले. "दोघंई प्या."

मुखरूनं प्याला घेतला.